रोह्याची असर, तासगावची असर

घरातून निघताना नवऱ्याने विचारलं, "लग्नाला चालली आहेस की अभ्यासाला?" मी ठणकावून सांगितलं, लग्नाला. तरी त्याने माझ्या पिशवीकडे असं काही पाहिलं, की आतली दोन जाडजूड पुस्तकं काढून मला टेबलावर ठेवावी लागली. इतकी वर्षं मी महाविद्यालयात इस्लामी विचार आणि मुस्लिम समाज हा विषय शिकवते आहे. आमच्या सोसायटीतल्या लोकांना अजून वाटतं की मी उर्दू शिकवते. तळमजल्यावरचे एक आजोबा दर रमजानला "काय, उपास कसे चाललेत?" असं आपुलकीने विचारतात. पूर्वी मी त्यांना समजावून सांगत असे. हल्ली "छान" म्हणते.

लग्न होतं सायराचं. सायरा माझी विद्यार्थिनी. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते, तिथली. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई मजहबाचे (इस्लामी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक). घाटावरचे बहुतेक हनफी. दोघांचा धर्म एक, कुराण एक, पण बारीकसारीक नियमांत फरक. त्यातलाच एक सायराने एम.ए.च्या प्रबंधासाठी निवडला होता. शाफई पद्धतीत मुलीचा निकाह वलीशिवाय होत नाही. वली म्हणजे वडील, ते नसतील तर आजोबा, मग भाऊ, अशा क्रमाने तिचं लग्न लावून देणारा पुरुष. हनफी पद्धतीत मात्र वयात आलेल्या मुलीचा स्वतःचा होकार पुरेसा मानतात. सायराने वलीच्या अटीची अशी काही चिरफाड केली होती की तोंडी परीक्षेला आलेले गृहस्थ घाम पुसत होते. मला भारी अभिमान वाटला होता, आणि खोटं कशाला बोलू, तिच्या लग्नात हे सगळं कसं काय होतंय ते बघायची उत्सुकताही होती. नवऱ्याला ते बरोबर कळलं होतं.

पुण्याहून निघालेली अलिबागची एस.टी. खोपोलीच्या घाटातून उतरली आणि थंडीचे दिवस असूनही स्वेटर काढावा लागला. पेणला उतरले. सायराची आज्ञा होती, "मॅडम, आहेर नको, पेणचे पोह्याचे पापड आणा." पापडाच्या दुकानाला लागूनच गणपतीचा कारखाना होता. उत्सवाला अजून कितीतरी महिने होते, पण आत पांढरेशुभ्र, रंग न दिलेले गणपती दाटीवाटीने बसलेले. एक बाई पायरीवर ऊन खात बसून सोंडेवरून ओलं फडकं फिरवत होत्या.

"कुठं चाललाव?" त्यांनी विचारलं.

"अष्टमीला. लग्न आहे."

"मोहल्ल्यात?" माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "मंग जेवून या बरीक. तिथल्या तांदळाच्या भाकरीला तोड नाय."

पेण स्टेशनात रोह्याची गाडी आली. दुपारची, बऱ्यापैकी रिकामी. खिडकीपाशी पांढऱ्या दाढीचे, खाकी जाकीट घातलेले एक गृहस्थ पनवेलपासून बसून आले होते. माझी पिशवी त्यांनी आपणहून वर ठेवली, आणि मग स्वतःचं खोकं जागा करून माझ्या पिशवीवर ठेवलं. पापड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आला.

"पापड हुतं व्हय?" ते कासावीस झाले. "या खोक्यात बेदाणे हायत ओ, तासगावचं. पोराच्या लग्नाला आणल्यात."

पोराचं लग्न अष्टमीला, आणि तेही उद्याच, म्हटल्यावर अष्टमीत उद्या दोन लग्नं असतील असं मला काही वाटेना. हे तासगावचे दस्तगीरभाई, सायराचे होणारे सासरे. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मुलगा इम्रान रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत होता. तिथेच कामाला असलेल्या सायराच्या मावसभावामुळे हे लग्न जुळलं. इम्रानला आता मस्कतची नोकरी लागली होती आणि रविवारी त्याचं विमान होतं. निकाह करून गेला तर सायराची कागदपत्रं सुरू होणार, नाहीतर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबा, म्हणजे वर्ष तरी गेलं. वऱ्हाड उद्या सकाळी यायचं होतं, हे एक दिवस आधी निघाले होते.

"आधी का आलात?" मी विचारलं.

कासू स्टेशन गेलं, खिडकीतून मिठागरांची चौकोनी पाणी सरकत होती. त्यांच्याकडे पाहत दस्तगीरभाई म्हणाले, "घोळ झालाय जरा. मुलीला वडील न्हाईत. भाऊ हाय, अल्ताफ, तो जहाजावर. जाताना त्यानं चुलत्याला सांगून ठेवलं हुतं, माझ्या मागं लग्न ठरलं तर माझ्या वतीनं तुम्ही उभं ऱ्हावा. दर्यावर जाणारी समदी तसंच करत्यात म्हणं हितं. आणि तो चुलताच पावसाळ्यात वारला. आता भावानं दुसऱ्याला नेमायला पायजे, तर जहाजावर फोन लागंना."

"मग?"

"आमच्यात असलं काय न्हाई बघा. पोरगी वयात आलेली, शिकलेली. तिनं हो म्हटलं, झालं. पण तीच म्हणती, भाऊ पायजे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही शिकवलंय न्हवं तिला?"

वलीची अट नको असं पानंच्या पानं लिहिणारी माझी सायरा भावासाठी अडून बसली होती. नागोठणं आलं. शेतांत भातकापणीनंतर पेरलेला वाल हिरवागार पसरला होता.

रोह्याला उतरून रिक्षाने पूल ओलांडला. घर गल्लीच्या टोकाला, कौलारू, पुढे ओटा आणि अंगणात दोन पोफळी. सायराच्या आईला, हाजराबींना, सगळे अम्मा म्हणतात. त्यांनी मला उंबऱ्यातच कवटाळलं. मोडक्या पापडांची पिशवी पाहून म्हणाल्या, "पोटात जाऊन मोडनारच होते गो. आधी मोडले, तेवढंच दातांचं काम वाचलं."

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात अजान झाली. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची. दस्तगीरभाईंनी चपापून घड्याळ पाहिलं. "एवढ्या लवकर?"

"इथली असर लवकर असते," मी सांगितलं. वर्गात सांगते तेच. वस्तूची सावली (भर दुपारची सोडून) वस्तूएवढी वाढली की शाफईंची असर, दुप्पट वाढली की हनफींची. दस्तगीरभाईंनी अंगणातल्या पोफळीची सावली निरखली आणि म्हणाले, "मग माझी व्हायची हाय अजून." त्यांनी आणखी एक कप चहा घेतला.

संध्याकाळच्या जेवणाला भाकरी होती, पापुद्रा सुटलेली, पेणच्या बाईंनी सांगितलेली. आणि तिसऱ्यांचं सुकं. खाडीतल्या त्या शिंपल्या मला जीव की प्राण. दस्तगीरभाईंनी मात्र ताट हलकेच पुढे सरकवलं. हनफी लोक मासे खातात, शिंपल्या खात नाहीत. हाजराबींच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! पहिल्याच दिवशी व्याह्याला उपाशी ठेवला!" धावत जाऊन त्यांनी अंडी तळून आणली.

"आमच्यात चालत न्हाई, एवढंच," दस्तगीरभाई अवघडून म्हणाले.

"आमच्यात चालतं, येवडंच," हाजराबी म्हणाल्या, आणि दोघंही हसले. एका ताटाचा प्रश्न अंड्यावर मिटला होता. दुसऱ्या प्रश्नाचा विषय त्या रात्री कोणी काढला नाही.

सकाळी वऱ्हाडाची बस आली. इम्रान शांत, थोडा लाजरा मुलगा वाटला. ओट्यावर बैठक बसली. मशिदीतले वयस्क काझीसाहेब आले, दोन साक्षीदार आले. निकाह असरनंतर लावायचा असं आधीच ठरलेलं होतं. वऱ्हाडातले एक काका फार घाईवर आले होते. त्यांनी थेट माझ्यावरच बोट ठेवलं. "या मॅडम शिकलेल्या हायत. ह्यांनी सांगावं. भावाबिगर निकाह हुतो का न्हाई?"

आता मी मास्तरीण. कोणी प्रश्न विचारला की उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडतं. "मी नुसती शिकवते, निवाडे देत नाही," एवढं म्हणून थांबायला हवं होतं. पण मी पुढे गेलेच. हनफींत मुलीचा होकार पुरतो. आणि शाफईंतसुद्धा, जवळचा वली लांबच्या प्रवासात असेल, तर त्याच्या जागी काझी निकाह लावू शकतो. जुन्या ग्रंथांत तसं स्पष्ट आहे.

"बघा!" काका म्हणाले.

काझीसाहेब माझ्याकडे पाहून मंद हसले. "मॅडम, ते मला पण ठाव हाय. मी त्यासाठी नाय थांबलेलो."

दारामागून हाजराबी पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "मॅडम, माझा पोर हाय का नाय? बाप गेला तवा हा अल्ताफ येवडासा. त्यानं तिला शाळेत सोडली, कॉलेजात सोडली, आणि निकाह काझीसाहेबांनी लावायचा, तो नाय म्हनून? तो हाय. दर्यावर हाय."

दस्तगीरभाईंनी काकांना खाली बसवलं आणि मधला मार्ग काढला. असरपर्यंत वाट बघू. तोवर फोन आला तर उत्तम, नाही आला तर काझीसाहेबांनी निकाह लावावा. अल्ताफचा आदल्या आठवड्यात निरोप आला होताच, की शुक्रवारी जहाज किनाऱ्याच्या टप्प्यात येईल, तेव्हा फोन करतो. आणि आज शुक्रवार होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी आत सायराकडे गेले. मेंदीचे हात वर धरून ती पलंगावर बसली होती, फोन समोर उशीवर ठेवलेला.

"तुझा प्रबंध मला पाठ आहे," मी म्हटलं. "तिसऱ्या प्रकरणात तू काय लिहिलंस आठवतंय? प्रौढ स्त्रीच्या होकाराला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही."

"ते बरोबरच आहे, मॅडम. एक शब्द मागे घेणार नाही." मग तिने नाक पुसायला मनगट वर नेलं, कारण बोटांना मेंदी होती. "प्रबंधात वली होता. हा माझा भाय आहे. भाय तो प्रबंध जहाजावर घेऊन गेलाय, माहितीये? म्हणाला, माझी बहीण मला नको म्हणते ते कसं म्हणते, वाचून तरी बघतो."

जुम्याची, म्हणजे शुक्रवार दुपारची नमाज झाली आणि फोन वाजला. सगळं घर त्या खोलीत कोंबलं. पलीकडून वाऱ्याचा सूंसूं आवाज, त्यात कुठेतरी "सायरा, ऐकू येतंय काय?" आणि मग काहीच नाही. काझीसाहेब दारापर्यंत पोहोचायच्या आत फोन तुटला होता. मी परत लावला, इम्रानने लावला, मावसभावाने शेजारच्या गच्चीवर जाऊन लावला. लागला नाही.

ती दुपार मी विसरणार नाही. कोणी भांडत नव्हतं. हाजराबींनी मोडलेले पापड तळले आणि परातीत घालून वऱ्हाडापुढे फिरवले. लोकांनी ते चुरा चुरा उचलून खाल्ले. शेजारणीने पोपटी (मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगा) पाठवली. घाईवर आलेले काका शेंगा सोलता सोलता बरेच निवळले. पोफळीची सावली मात्र अंगणात लांबत चालली होती आणि प्रत्येक जण तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होता.

असरची अजान झाली. पुरुष मशिदीत गेले, वऱ्हाडातलेही बरेच गेले. दस्तगीरभाई ओट्यावरून हलले नाहीत. नमाज पढून काझीसाहेब साक्षीदारांना घेऊन परत आले आणि सायराच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

"बेटी, असर झाली," ते हळूच म्हणाले. "तुझा होकार घ्यायला आलोय. निकाह मी लावतो. चालेल ना?"

सायराने मान खाली घातली. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळून मेंदीवर पडत होतं. हाजराबी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या ग्रंथांचा राग आला.

"काझीसाहेब, जरा थांबा." ओट्यावरून दस्तगीरभाईंचा आवाज आला. "असरपर्यंत थांबायचं असं मीच म्हणालो हुतो न्हवं?"

"व्हय."

"मग मी अजून असर पढलोय कुठं?"

कोणाच्या काही लक्षात येईना. काका म्हणाले, "अरे दस्तगीर, आम्ही समदी पढून आलो की."

"तुम्ही पढला, तुमची झाली. मी हनफी माणूस. माझी असर सावली दुप्पट झाल्यावर." त्यांनी खाकी जाकिटाची बटणं लावली आणि ओट्यावर मांडी ठोकून बसले. "बोली माझी हाय, तर असरबी माझीच धरा."

काझीसाहेब दारातून अंगणात आले. पोफळीच्या बुंध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत त्यांनी नजर फिरवली. पेन काढून तयार असलेल्या साक्षीदाराला त्यांनी पेन खिशात ठेवायला सांगितलं. "खरी गोष्ट हाय," ते म्हणाले. "यांची व्हायला टाइम हाय."

हाजराबी भिंतीकडून वळल्या. ज्याला त्यांनी काल शिंपल्या वाढल्या होत्या, त्या व्याह्याकडे त्या बघतच राहिल्या. मग आत गेल्या आणि चहा टाकला.

त्या वेळात नक्की किती मिनिटं होती ते मी मोजलं नाही. चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, पोफळीची सावली कुंपणावर चढली. आणि फोन वाजला.

या वेळी काझीसाहेब फोनला चिकटूनच होते. आवाज स्वच्छ होता, खोलीत बसल्यासारखा. साक्षीदारांनी अल्ताफचा आवाज ओळखला. तरी त्यांतल्या थोरल्याने खात्रीसाठी विचारलं, "कोन बोलतोय? लहानपनी माझ्या होडीतून खाडीत कोन पडला होता?" "मीच पडलो होतो, चाचा," पलीकडून उत्तर आलं, "आणि तुम्ही आधी आवलं धरलंत, मंग मला." (आवलं म्हणजे वल्हं. घरभर हशा पिकला.) मग काझीसाहेबांनी नीट, एकेक शब्द उच्चारून विचारलं, आणि अल्ताफने साक्षीदारांच्या समक्ष सांगितलं, की माझी बहीण सायरा हिचा निकाह इम्रानशी लावायला मी तुम्हाला माझ्या वतीने नेमतो.

काम झालं होतं. फोन तुटला असता तरी चाललं असतं. पण तो तुटला नाही, आणि अल्ताफ म्हणाला, "सायराला द्या."

सायराचे हात मेंदीचे, म्हणून मी तिच्या कानाशी फोन धरला. त्यामुळे ऐकू नये ते मला ऐकू आलं.

"तुझं पुस्तक वाचलं गो," तो म्हणत होता. "अर्दं कळलं. त्यात लिवलंयस, भाय नसला तरी निकाह व्हतो. मंग मला कशाला येवडं हुडकलंस?"

"होतो रे," सायरा हुंदका गिळत म्हणाली. "तसा मला नको होता."

दस्तगीरभाईंनी अंगणात पोफळीखाली चटई अंथरून आपली असर पढली. सगळं वऱ्हाड त्यांची नमाज संपेपर्यंत तिष्ठत उभं होतं. त्यानंतर काझीसाहेबांनी सायराचा होकार घेतला, सगळे मशिदीकडे निघाले आणि निकाह झाला. ठरल्याप्रमाणे, असरनंतर. बेदाणे वाटले गेले. हाजराबींनी पहिली मूठ व्याह्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तिसऱ्या नाय करनार." दस्तगीरभाई म्हणाले, "तुम्ही करा. मी अंडी खाईन."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. पिशवीत भाकऱ्यांची चळत होती आणि उरलेला पापडाचा चुरा, जो हाजराबींनी हट्टाने परत बांधून दिला होता. पेण आलं. कारखान्यातल्या बाई पायरीवर दिसतात का म्हणून स्टेशनातून गावात चालत गेले, दिसल्या. "जेवलाव?" त्यांनी विचारलं. भाकरीला खरंच तोड नाही, असं मी सांगितलं आणि चळतीतली एक काढून दिली.

पुण्याच्या एस.टी.त घाट चढताना डोळा लागेना. दर वर्षी मी वर्गात फळ्यावर एक काठी काढते, तिच्यासमोर दोन सावल्या काढते, एक आखूड, एक लांब. मुलं विचारतात, एवढ्याशा फरकासाठी जुने विद्वान इतकं का भांडले? मी म्हणते, परीक्षेत हमखास विचारतात, लिहून घ्या. यंदाही फळ्यावर त्याच दोन सावल्या काढीन. पण मुलांनी विचारलं, तर सांगीन की त्या दोन सावल्यांच्या मधे अष्टमीचं एक अंगण आहे, आणि त्या अंगणात दर्यावरून एक भाऊ वेळेवर पोहोचला होता.